सत्तावीस औटे

"सत्तावीस औटे?" राजश्रीनं विचारलं.

मुरमुऱ्यांच्या सुशील्याची ताटली तिनं अण्णांच्या हाताला लागणार नाही, पण नाकाला वास जाईल, अशी धरली होती. अण्णा ताटलीकडे बघून हसले. कवळी अजून वाटीतच होती. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "चार?"

"चूक. एकोणीस औटे?"

"तेही चारच असेल की वो," अण्णा म्हणाले आणि स्वतःच्याच उत्तरावर खदखदून हसले.

"मठ्ठ! दगड आहात नुसते, दगड," राजश्री म्हणाली. मग तिनं ताटली त्यांच्या हातात दिली.

रोज सकाळी हे असंच चालायचं. औट म्हणजे साडेतीन, आणि साडेतीनाचा पाढा म्हणजे औटकी. जुन्या मास्तरांच्या काळी पोरांना पावकी, दीडकी, औटकी तोंडपाठ असायची. पुढं ती शाळेतून गेली, पण लातुरात उद्धवराव जळकोटकर सरांच्या शिकवणीतून काही गेली नाही. सरांच्या मते मेंदू तपासायचं ते एकच माप होतं. औटकी आली तो हुशार, नाही आली तो दगड, विषय संपला. असे हे सर गेल्या दोन वर्षांत सगळे पाढे विसरले, बायको वारल्याचं विसरले, अमेरिकेतल्या मुलाचं नाव विसरले, आणि समोर ताटली धरून उभी असलेली बाई आपली मुलगी आहे हेही विसरले. राजश्री मात्र काही म्हणता काही विसरली नव्हती.

"ताई, कशाला इचारता वो रोज रोज?" दारात चप्पल काढता काढता केवळाबाई म्हणाली. राजश्री कामावर गेली की दिवसभर अण्णांजवळ तीच असायची. "खाऊ द्या की गुमान."

"मला त्यांनी कधी गुमान खाऊ दिलं का?"

"त्ये तवाचं झालं. आता त्ये लेकरू हाय. अन् बगा की, कसं खुश हाय! अक्कल व्हती तवा ह्या माणसाला हसताना मी कदी बगितलं न्हाई. आता चिमणी आली तरी टाळ्या वाजवितंय."

राजश्रीच्या जिवाची आग व्हायची ती नेमकी यानंच. अहो, माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या जिवाला घोर लावावा, आणि जाब द्यायची वेळ आली की सगळं विसरून मोकळं व्हावं, हा कुठला न्याय? हुशार होते तेव्हा अण्णांना झोप नव्हती. कुणाचा पोरगा बोर्डात आला, आपला कितवा राहिला, हेच डोक्यात. त्यातून अल्सर झाला. एका वर्षी नांदेडच्या कुण्या मास्तराचे दोन विद्यार्थी पुढं गेले, तर हे आठ दिवस घरात कुणाशी बोलले नव्हते. त्यांचा लाडका अंबरीश बोर्डात तिसरा आला होता. तो आता अमेरिकेत दोन गोळ्या घेतल्याशिवाय झोपत नाही, आणि रविवारी फोनवर बापाच्या औषधांची नावं विचारतो, बापाचं काही विचारत नाही. एवढ्या अकलेनं त्या घरात कुणाला म्हणून सुख लागलं नाही. ती अक्कल गेली आणि सुख आलं, तेही नेमकं अण्णांनाच!

राजश्री एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायची. वीस वर्षं झाली. लातूर–नांदेड अहमदपूरमार्गे किती वाजता, जळकोटची मुक्कामी गाडी कोणत्या फलाटावर, हिमायतनगरला जायचं तर कुठं उतरून कोणती गाडी धरायची, सगळं तिला तोंडपाठ. कागद बघावा लागत नसे. जून महिना लागला की किनवटकडची, देगलूरकडची पोरंपोरी पत्र्याच्या पेट्या घेऊन क्लाससाठी उतरायची आणि 'मॅडम, शिवप्रसाद सरांचा क्लास कुठंय?' म्हणून तिलाच विचारायची. दिवाळीत त्यांतलीच काही पेटी घेऊन परत जाताना खिडकीशी रडायची. माईकवर तिचा आवाज घुमला की फलाटावरचा गलबला थांबत असे. पण एवढं सगळं डोक्यात ठेवण्याला अण्णांच्या हिशेबात हुशारी म्हणत नव्हते. त्यांनी तिला स्वतःच्या शिकवणीत बसू दिलं नव्हतं, माझं नाव जाईल म्हणाले. तिला बघायला दोन स्थळं आली, तर दोन्ही वेळा चहा येण्याच्या आतच, "मुलगी बुद्धीनं बेताची आहे, आधीच सांगतो, मागून बोल नको," असं सांगून मोकळे झाले. खरं बोलण्याचा त्यांना भारी अभिमान होता.

पण हे सगळं तिनं गिळलं असतं. तिला गिळता आलं नव्हतं ते शाळेच्या मैदानावरचं.

त्र्याण्णव साली भूकंप झाला. लातूर शहर वाचलं, भिंतींना तडे गेले तेवढेच. पण किल्लारीच्या बाजूनं जीपगाड्या भरभरून माणसं यायला लागली आणि कुणाची घरात झोपायची छाती होईना. सगळी गल्ली शाळेच्या मैदानावर सतरंज्या टाकून राहायला लागली, तिथंच चुली, तिथंच पंगती. राजश्री तेव्हा सोळा वर्षांची होती. तिची मैत्रीण मालविका गणपतीला मामाच्या गावी गेली होती, किल्लारीजवळ. तिसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. मामाच्या दगडी घराखाली सगळे गेले होते, मालविकासुद्धा.

त्याच दिवशी दिवेलागणीला अण्णांनी मैदानावर पोरं गोळा केली. भीती जावी म्हणून पाढे म्हणू या, म्हणाले. एकेकाला उभं करत ते राजश्रीवर आले.

"सत्तावीस औटे?"

राजश्रीला काही ऐकूच आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तिचे ओठ हलले, आवाज निघाला नाही.

"येईपर्यंत उभी राहा," अण्णा म्हणाले.

ती उभी राहिली. पंगत बसली, पिठलं वाढलं गेलं, लोक जेवले, ती उभीच. दीड तास! आई एकदा काही बोलायला गेली, तर अण्णांनी नुसतं बघितलं आणि ती गप्प झाली. शेवटी उदगीरहून शिकवणीला आलेला, गुंडप्पा किराणेवाल्यांचा शिवप्रसाद पंगतीतूनच ओरडला, "साडेचौऱ्याण्णव, सर!" अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "किल्लारीला ढिगाऱ्यात दगडच दगड निघाले म्हणतात. आमच्या घरी एक आधीपासूनच आहे!"

लोक हसले. तीन दिवस कुणी हसलं नव्हतं, म्हणून जरा जास्तच हसले.

त्याला आता पंचवीस वर्षं झाली. तो शिवप्रसाद पुढं मोठा क्लासवाला झाला. आठ हजार पोरं, तीन इमारती, चौकाचौकात त्याचे फलक. जून सरता सरता तो पेढ्यांचा पुडा घेऊन राजश्रीच्या घरी आला. अण्णा आत झोपले होते.

"ताई, गुरुपौर्णिमेला नव्या इमारतीचं उद्घाटन हाय. सभागृहाला सरांचं नाव दिलंय, उद्धव सभागृह. आपन जे काही हाव ते सरांमुळं. फकत अर्धा तास आणा त्यांना. तब्येत कशी हाय?"

अण्णांचं असं झालंय हे राजश्रीनं बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. अंबरीशनं नको म्हटलं होतं आणि तिलाही लाज वाटत होती. गुडघे दुखतात, एवढंच ती लोकांना सांगायची. पण त्या क्षणी तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. स्टेज, माईक, समोर भरलेली सभा, आणि मधोमध उभे अण्णा.

"येतील की," ती म्हणाली. "बोलत नाहीत फारसे. पण औटकी विचारली की अजून खुलतात. स्टेजवर विचारा त्यांना. पोरांना कळू दे, मेंदू काय चीज असतो."

"वा! क्या बात हाय!" शिवप्रसाद म्हणाला. "कोनतं इचारू?"

"सत्तावीस औटे."

शिवप्रसादनं ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं. त्याला मैदान आठवलं नाही. लागलेल्याला आठवतं, हसलेल्याला कशाला आठवेल?

केवळाबाईच्या मात्र सगळं ध्यानात आलं. "ताई, म्हाताऱ्याला भर बाजारात उगडं कराया निगालाव तुमी."

"हो. निघाले आहे."

"काय मिळंल त्यातून?"

"मला बघायचंय, ते तिथं उभे राहिल्यावर त्यांचं तोंड कसं होतं ते. बस्स. त्यासाठी पंचवीस वर्षं थांबलेय मी."

गुरुपौर्णिमेच्या सकाळी केवळाबाईनं अण्णांना आंघोळ घातली, आणि राजश्रीनं त्यांना नवं धोतर नेसवलं, कडक इस्त्रीचा सदरा घातला, कवळी बसवली. अण्णा आरशात बघून म्हणाले, "लग्नाला चाललो काय?" त्या दिवशी राजश्रीनं त्यांना पाढा विचारला नाही. सुशीला पोटभर खाऊ घातला.

सभागृहात दोन हजार पोरं निळे टी-शर्ट घालून बसली होती. राजश्री पहिल्या रांगेत होती. स्टेजवर शाल झाली, श्रीफळ झालं. शिवप्रसादनं भाषणात सरांना डोक्यावर घेतलं. सरांचा मेंदू म्हणजे यंत्र, सरांनी लातूरला घडवलं, असं बरंच काही. अण्णा शालीच्या गोंड्यांशी खेळत होते.

"आता आपल्या स्टार बॅचची शिवानी सरांना एक प्रश्न विचारणार आहे. कॅल्क्युलेटर काढून ठेवा सगळ्यांनी!"

चष्म्यातली एक बारकी पोरगी उठली. "सर, सत्तावीस औटे किती?"

अण्णांच्या हातात माईक दिला गेला. राजश्री पुढं सरकून बसली. आता, ती मनात म्हणाली. आता उभे राहा दीड तास.

"हां?" अण्णा म्हणाले.

शिवानीनं पुन्हा विचारलं. अण्णांनी मान वाकडी केली, जरा विचार केला, आणि माईकमध्ये स्वच्छ म्हणाले, "येत नाही बा."

शिवप्रसादचं हसू गालावर तसंच राहून गेलं. अण्णा मात्र मजेत होते. "मला नाही येत," ते पुन्हा म्हणाले. "तुम्हाला येतं का?"

"नाहीऽऽ!" मागच्या रांगांतून पोरं ओरडली.

ज्या क्लासमध्ये 'येत नाही' म्हणायची कुणाची टाप नव्हती, तिथं दोन हजार पोरं एका दमात 'नाही' म्हणाली आणि हसत सुटली. शिट्ट्या काय, टाळ्या काय! अण्णाही टाळ्या वाजवायला लागले. शिवप्रसाद उगाच मोठा क्लासवाला झाला नव्हता. त्यानं दुसरा माईक उचलला. "बघितलंत? ज्याला सगळं येतं तोच इतक्या मोकळेपणानं 'येत नाही' म्हणू शकतो! हुशारी आपल्या सगळ्यांकडे आहे, मुलांनो. ह्याला म्हणतात शहाणपण!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. राजश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, कसलं शहाणपण आणि कसलं काय! त्याला खरंच येत नाही! त्याला स्वतःची मुलगी ओळखता येत नाही! तिला ओरडावंसं वाटलं. एवढा सापळा लावला, तर हा माणूस त्यातूनही हार घालून घेऊन बाहेर पडला. हुशार होता तेव्हाही टाळ्या त्यालाच, आणि आता नाही तरी त्यालाच.

तेवढ्यात अण्णांनी बोट पुढं केलं. "त्या बाईंना येतं. त्या पहिल्या रांगेतल्या. रोज विचारतात त्या मला. लई हुशार आहेत. त्यांना बोलवा."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. राजश्री उठली आणि पायऱ्या चढून वर गेली. शिवप्रसादनं तिच्या हातात माईक दिला. तिनं सवयीनं त्याच्यावर बोटानं टकटक केलं.

"साडेचौऱ्याण्णव," ती म्हणाली.

पुन्हा टाळ्या. शिवप्रसादनं माईकसाठी हात पुढं केला. तिनं दिला नाही.

"थांबा. टाळ्या बंद करा."

हा आवाज फलाट थांबवणारा होता. पोरं गप्प झाली.

"हे उत्तर मला पंचवीस वर्षांपूर्वी आलं नव्हतं," ती म्हणाली. "भूकंप झाला होता. मी तुमच्याएवढी होते. माझी एक मैत्रीण होती, मालविका. ती दगडाखाली गेल्याचा निरोप त्या दिवशी दुपारी आला. आणि संध्याकाळी मला सगळ्या गल्लीसमोर उभं करून हाच पाढा विचारला. आला नाही म्हणून दीड तास उभं केलं. लोक जेवत होते आणि मी उभी होते. आणि मग म्हणाला, किल्लारीला दगड निघाले, आमच्या घरी एक आधीपासूनच आहे."

तिनं अण्णांकडे बोट केलं.

"या माणसानं."

"ताई..." शिवप्रसाद पुटपुटला. त्याला मैदान आता आठवलं असावं, कारण तो पुढं आला नाही. राजश्री अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तेवढंच तर तिला हवं होतं, तो चेहरा उतरलेला बघायचा होता.

अण्णा तोंड उघडं टाकून ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिचं बोट आपल्याकडे आहे असं बघून त्यांनी मागं वळून पाहिलं. मागं वीस फुटी फलक होता आणि त्यावर पन्नाशीतले उद्धवराव जळकोटकर सर होते, काळ्या फ्रेमचा चष्मा लावलेले, ओठ आवळलेले. अण्णा त्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"हा होय?" ते म्हणाले.

राजश्रीचं बोट खाली आलं.

"असं करतात होय लेकराला?" अण्णा फलकाला म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "मैत्रीण मेलेली तिची, अन् हा पाढे विचारून राहिला? मास्तर आहेस का कोण आहेस?" मग ते शिवप्रसादकडे वळले. "अन् तुम्ही ह्याचा सत्कार करून राहिलात? लाज नाही वाटत?"

"सर, तसं न्हाई..." शिवप्रसाद म्हणाला. अण्णांनी खांद्यावरची शाल काढली आणि त्याच्या हातात कोंबली. "ठेवा तुमच्यापाशी. चला हो बाई. अशा माणसाच्या कार्यक्रमाला थांबायचं नाही."

त्यांनी राजश्रीचं मनगट धरलं आणि ते तिला पायऱ्यांवरून खाली घेऊन निघाले. मधल्या वाटेनं जाताना पोरं आपसूक उठून उभी राहत होती. राजश्रीला वाटलं होतं, आज आपण जिंकून बाहेर पडू, नाहीतर निदान रडू तरी. यांतलं काहीच झालं नाही. ज्याच्यावर सूड उगवायचा तो माणूस तिचीच बाजू घेऊन भांडत होता, रागानं लाल झाला होता. आता भांडायचं तरी कुणाशी? पंचवीस वर्षं जपून ठेवलेला तिचा वैरी त्या भिंतीवरच राहून गेला होता.

बाहेर क्लास सुटल्यासारखी गर्दी होती, रिक्षा उभ्या होत्या. अण्णांचं पुटपुटणं थांबलं नव्हतं. फाटकाशी आल्यावर ते एकदम उभे राहिले.

"बाई, एक विचारू का? राग नका धरू."

"विचारा."

"त्या वेळी तुमचे वडील कुठं होते?"

राजश्रीनं त्यांच्याकडे बघितलं. ते खरंच विचारत होते.

"तिथंच होते," ती म्हणाली.

"अन् काही बोलले नाहीत?"

"नाही."

अण्णांनी च् च् केलं. मग म्हणाले, "भ्याले असतील हो. भूकंप झाला होता म्हणता ना? भ्यालेल्या माणसाला दुसऱ्याचं लेकरू दिसत नाही, अन् स्वतःचंही दिसत नाही. पण चुकलंच त्यांचं. त्यांनी यायला पाहिजे होतं तुमच्यापाशी."

"हो," राजश्री म्हणाली. "यायला पाहिजे होतं."

अण्णांनी तिचं मनगट अजून घट्ट धरलं होतं. गाड्या बघत, तिला मागं ठेवत, त्यांनी रस्ता ओलांडला. घर उजवीकडे होतं. अण्णा डावीकडे वळले आणि झपाझप चालायला लागले. राजश्रीही डावीकडे वळली आणि त्यांच्याबरोबर चालत राहिली.